शाळा एक, उंबरठे अनेक



मागील वर्षीच्या पालकसभेत घडलेला एक प्रसंग प्रथम सांगतो. आठवीच्या वर्गातील दोन मुलांचे पालक एकामागून एक बोलावयास उभे राहिले. ही दोन्ही मुले वर्गात एकाच बाकावर बसणारी. पहिले गृहस्थ म्हणाले, "आमच्या घरातील ही तिसरी पिढी या शाळेत शिकते आहे. या शाळेने आमचे भलेच केले." टाळ्या झाल्या. त्यानंतर मागच्या रांगेतील एक भाभी उठल्या आणि म्हणाल्या, "आमच्या मुलाला या शाळेत कोणी ओळखतच नाही. तो येतो, बसतो आणि परत जातो." सभेत कुजबुज झाली. कोणीतरी म्हणाले, "घरी लक्ष द्यायला नको का?" आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली.

कुजबुजणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल केले पाहिजे. किंबहुना त्या मुलाच्या नावापुढे माझ्याच अक्षरात दोन वर्षे शेरा होता : 'पालक उदासीन.' सभेनंतर मी त्यांना जरा तक्रारीच्याच सुरात विचारले, "भाभी, तीन वेळा चिठ्ठी पाठविली. आपण एकदाही आला नाहीत." त्या म्हणाल्या, "सर, चिठ्ठ्या आल्या होत्या. पण वाचणार कोण? मी उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकले. मराठी मला बोलता येते, वाचता येत नाही. मुलगा म्हणायचा, सहलीची चिठ्ठी आहे, पैसे मागितलेत, म्हणून मीच येत नव्हते." मुलाचे वडील जहाजावर, वर्षातील नऊ महिने घराबाहेर.

मुलाची हुशारी पाहून मला हसू आले, आणि स्वतःच्या शेऱ्याची लाजही वाटली. ज्या बाईला सात इयत्तांचे शिक्षण आहे, जी रोज कुराण शरीफची तिलावत करते, तिला आमच्या दप्तराने निरक्षराच्या रांगेत नेऊन बसविले होते.

मी इतिहास शिकवितो. एकाच शाळेतून एक कुटुंब आनंदाने बाहेर पडते आणि दुसरे दुखावून, हे कशामुळे होते, याचा शोध मी माझ्या विषयातच घ्यावयाचे ठरविले. त्यासाठी फार लांब जावे लागले नाही. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुकाच पुरला.

दापोलीस मिशनची एक जुनी इंग्रजी शाळा आहे. पूर्वी तिला एस. पी. जी. मिशन हायस्कूल म्हणत. आज ती ए. जी. हायस्कूल या नावाने ओळखली जाते. या शाळेतून पांडुरंग वामन काणे १८९७ साली मॅट्रिक झाले. पुढे 'धर्मशास्त्राचा इतिहास' हा प्रचंड ग्रंथ लिहून १९६३ साली 'भारतरत्न' झालेले काणे ते हेच. त्यांचे वडील दापोलीतच वकिली करीत. घर गावात, घरात पुस्तके, आणि वडिलांनी लहानपणीच मुलाकडून अमरकोशाचे श्लोक पाठ करून घेतलेले. अशा मुलाला शाळेत नवे काय वाटणार? शाळा ही त्याच्या घराचीच पुढची खोली होती.

त्यानंतर सुमारे दोन दशकांनी त्याच शाळेत पालगडचा एक मुलगा आला : पांडुरंग सदाशिव साने. आपण त्यांना साने गुरुजी म्हणतो. घराणे खोतांचे, पण वैभव ओसरलेले. पालगडहून दापोलीस रोज ये-जा करण्यासारखे नव्हते, म्हणजे बाहेर राहणे आले, खाण्याची व्यवस्था आली, फी आली. घरची ओढाताण अशी वाढली की, गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून त्यांना दापोली सोडून औंध संस्थानात जावे लागले. तेथेही जेवणाचे हाल सुटले नाहीत. पुढे पुण्यास येऊन १९१८ साली ते मॅट्रिक झाले. येथे दोन्ही मुले बुद्धिमान आहेत, दोन्ही चित्पावन ब्राह्मण कुटुंबांतील आहेत, शाळाही तीच आहे. तरी एकाला ती शाळा सहज लाभली, आणि दुसऱ्याला ती हातची सोडावी लागली. जात सारखी, धर्म सारखा असूनही केवळ घर गावात आहे की गावाबाहेर, आणि महिन्याच्या महिन्याला पैसे येतात की नाही, एवढ्यावरून शाळेचा अनुभव बदलतो. आपल्यातील जे लोक प्रत्येक गोष्टीचे कारण 'आपण मुसलमान आहोत म्हणून' असे देऊन मोकळे होतात, त्यांनी याचा अवश्य विचार करावा.

परंतु जे लोक 'सारे काही गरिबीमुळे' असे म्हणतात, त्यांचेही म्हणणे पुरते खरे नाही. दापोलीजवळच्या मुरूड गावचे धोंडो केशव कर्वे यांचीही घरची स्थिती बेताची होती. १८७५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते काही सोबत्यांबरोबर परीक्षेसाठी मुरूडहून सातारला पायी निघाले. पावसाचे दिवस, वाटेत सह्याद्री, अंतर शंभर मैलांहून अधिक. तेथे पोहोचल्यावर हा मुलगा दिसण्यात फारच लहान आहे म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही! पुढील वर्षी ते कोल्हापुरास जाऊन परीक्षा उत्तीर्ण झाले. महर्षींच्या जिद्दीचा हा प्रसंग मी वर्गात नेहमी सांगतो. परंतु अलीकडे त्यातील दुसरी बाजू मला दिसू लागली आहे. त्या मुलाला परीक्षा कोठे होते, केव्हा होते, तिला बसून काय मिळते, हे ठाऊक होते. गावात सोमण गुरुजींसारखे प्रोत्साहन देणारे शिक्षक होते. बरोबर चालावयास परीक्षेलाच निघालेले सोबती होते. पैसा नव्हता, पण वाट माहीत होती.

आता त्याच किनाऱ्यावरील आपल्या दर्यावर्दी वस्त्यांचा विचार करा. हर्णै, दाभोळ, बाणकोट ही नावे आपणांस परकी नाहीत. तेथील मुलालाही वाट माहीत होती, पण ती समुद्राची. मुंबईत कोणत्या सारंगाला भेटायचे, नल्ली कशी मिळवायची, पहिल्या फेरीला कोणते काम पत्करायचे, हे घरातील आजोबा डोळे मिटून सांगू शकत. परीक्षेचा अर्ज कोठे मिळतो, हे मात्र त्यांना कोणी विचारलेच नव्हते. दोन्ही घरे गरीब, दोन्हींकडे अनुभवाचे भांडार होते. पण एका घराचे भांडार शाळेच्या कामाचे होते, दुसऱ्याचे नव्हते. शाळा मात्र दुसऱ्या घराला 'अनाडी' म्हणून मोकळी झाली. खलाशाचा मुलगा भरती-ओहोटीची वेळ तिथीवरून तोंडी काढतो, पण भूगोलाच्या पेपरात 'भरती-ओहोटीची कारणे लिहा' या प्रश्नास त्याला शून्य गुण मिळतात, हे मी स्वतः पाहिले आहे. शून्य देणाराही मीच होतो.

तिसरी गोष्ट याहून कठोर आहे. मंडणगडजवळच्या आंबडवे गावचे मूळ रहिवासी सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीस राहिले आणि नंतर सातारला गेले. तेथील सरकारी हायस्कुलात त्यांचा मुलगा भीमराव ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाला. महाराष्ट्रात हा दिवस आता 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळतात. त्या शाळेत काय घडले, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. इतर मुले आपापल्या जागी बसत; भीमरावास वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे. वर्ग झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावीत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे लागे. इतर मुलांना तहान लागली की मास्तरांना विचारून ती नळाकडे जात आणि पाणी पिऊन येत. या मुलाने नळाला हात लावावयाचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही.

आता असे समजा, त्या वर्गातील दुसऱ्या एखाद्या मुलाला उतारवयात कोणी विचारले असते, "तुमची शाळा कशी होती?" तर तो म्हणाला असता, "छान होती. मास्तर शिस्तीचे होते. नळाचे पाणी गार होते." आणि तो खोटे बोलला नसता. त्याच्या दृष्टीने ती शाळा तशीच होती. पालकसभेत जे पहिले गृहस्थ बोलले, तेही खोटे बोलले नव्हते. ज्याला नळ उघडा असतो, त्याला नळाचा प्रश्न आहे हेच दिसत नाही.

कायद्याने ही दारे बंद होती काय? मुळीच नाही. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला होता. मुंबई सरकारने त्याचा हक्क मान्य करूनही, इतर लोक बिथरतील या भयाने, प्रवेश नाकारला. हे प्रकरण विलायतेपर्यंत गेले आणि सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत, असे १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी कळविले. १८८२ च्या हंटर कमिशनने तेच पुन्हा सांगितले. तरीही १९०० साली सातारच्या वर्गात गोणपाट होतेच. कागदावरील दार आणि वर्गातील दार यांत किती वर्षांचे अंतर पडते, याची यावरून कल्पना येईल.

भीमरावाचे घर मात्र विसरू नका. वडील लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. मुलाला पहाटे उठवून अभ्यासास बसविणारे आणि पुस्तकांसाठी कर्ज काढणारे ते वडील होते. शाळेने जे नाकारले, त्यातील बरेचसे घराने भरून काढले. त्याच समाजातील ज्या मुलाच्या मागे असा बाप नव्हता, त्याचे नाव आज कोणाला माहीत आहे? तेव्हा 'जिद्द असली की सारे होते' असे आपण मुलांना सांगतो, ते अर्धेच खरे आहे. जिद्दीच्या मागे कोणीतरी पहाटे उठलेले असते.

मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलात गेल्यावरचा एक प्रसंग आपल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावा. तेथे भीमरावास संस्कृत हा विषय घेऊ दिला नाही. मग त्यांनी फारसी घेतली आणि १९०७ साली ते मॅट्रिक झाले. म्हणजे त्या एकाच इमारतीत एका वर्गाचे दार त्यांना बंद होते आणि फारसीच्या वर्गाचे उघडे होते.

आता आपल्या समाजाकडे वळू. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे वडील बंधू कमरुद्दीन, नाखुदा महंमद अली रोगे प्रभृतींनी मुंबईत अंजुमन-इ-इस्लामची स्थापना केली. १८८० साली तिची शाळा निघाली. सरकारी शाळेत आपली मुले टिकत नाहीत, तेव्हा आपल्या मुलांसाठी आपली शाळा हवी, हा त्यामागील हेतू. हे उपकार आपण विसरू शकत नाही. परंतु 'आपली मुले' म्हणजे कोणाची मुले? मुंबईच्या मुसलमानांत कोकणी होते, मेमन होते, बोहरी होते, खोजे होते, उत्तरेकडून आलेले होते. कोणाच्या घरी कोकणी, कोणाच्या घरी कच्छी, कोणाच्या घरी गुजराती, तर कोणाच्या घरी उर्दू. सर्वांना जोडणारी भाषा म्हणून उर्दूवर भर दिला गेला. त्याला सबळ कारणे होती, मी त्यावर टीका करीत नाही. पण उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या कुटुंबातील मुलाला ती घरची भाषा होती, आणि आपल्या कोकणी मुलाला ती शाळेत गेल्यावर शिकावयाची भाषा होती. शाळा आपलीच, वर्ग एकच, तरी उंबरठ्याची उंची दोघांना सारखी नव्हती.

हंटर कमिशनलाही हे सर्वस्वी अज्ञात नव्हते. त्याच्या शिफारशींत मुसलमानांच्या प्राथमिक शाळांत हिंदुस्थानी माध्यम असावे असे म्हटले आहे. मात्र जेथील मुसलमान समाजाला दुसरी भाषा हवी असेल, तेथे अपवाद करावा, अशी मोकळीक ठेवली आहे. त्यांतच शिष्यवृत्त्या, मोफत जागा, मुसलमान शिक्षक तयार करण्याची व्यवस्था आणि मुसलमान तपासनीस नेमण्याची सूचना आहे. यावरून असे दिसते की, मुसलमान मुले मागे का, याचे उत्तर एक नसून पुष्कळ आहेत, हे १८८२ सालीही जाणत्यांना समजले होते. लोकांनी मात्र त्यातील एकच वाक्य उचलले, की मुसलमान पूर्ववैभवाच्या अभिमानात राहिले. कोणत्या पूर्ववैभवाचा अभिमान हर्णैच्या मासेमाराला असणार होता, हे मला आजवर समजलेले नाही.

हीच गोष्ट पुढे सच्चर समितीच्या वेळी घडली. २००६ च्या त्या अहवालाने दाखविले की, शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात शिकणाऱ्यांचे प्रमाण अवघे ३ ते ४ टक्के आहे. आणि ६ ते १४ वयोगटातील सुमारे २५ टक्के मुस्लिम मुले एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती, किंवा गेलेली असून गळाली होती. गावगप्पांत चर्चा होते ती त्या ३-४ टक्क्यांची. गळालेल्या मुलाच्या घरी जाऊन, "बाबा रे, तू का सोडलीस?" असे विचारणारे थोडे.

आम्हांस बी. एड्.ला कोलमन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९६६ चा अहवाल शिकविला होता. तेथील सुमारे ६ लाख मुलांची पाहणी करून त्याने असे दाखविले की, शाळाशाळांमध्ये जेवढा फरक आढळतो, त्यापेक्षा अधिक फरक एकाच शाळेतील मुलामुलांमध्ये आढळतो, आणि त्याचे मोठे कारण घरची परिस्थिती हे होय. परीक्षेपुरते मी ते पाठ केले होते. त्याचा अर्थ मात्र त्या भाभींनी शिकविला.

आपल्या संस्थेच्या हायस्कुलातच पाहा. निम्मी मुले जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांतून येतात, निम्मी उर्दू शाळांतून. उर्दू शाळेतील मुलगा गणितात 'जमा', 'तफरीक' म्हणत आलेला असतो. त्याला एकाएकी 'बेरीज', 'वजाबाकी', 'लघुत्तम साधारण विभाज्य' हे शब्द भेटतात. त्याला गणित येत नाही असे आपण म्हणतो. खरे तर त्याला गणिताचे मराठी येत नसते. तो उजवीकडून डावीकडे लिहिण्यास सरावलेला हात घेऊन येतो आणि त्याचे अक्षर वाईट म्हणून आपण त्याचे गुण कापतो. पहिले सहा महिने तो गप्प बसतो. गप्प मुलाला शिक्षक विसरतात, हे आमच्या धंद्यातील कटू सत्य आहे.

एकाच घरातील भाऊ आणि बहीण यांचाही अनुभव निराळा असतो. ज्यादा तास संपून शेवटची एस. टी. अंधारात सुटते. भाऊ थांबतो, बहिणीला थांबता येत नाही. दहावीच्या निकालात तिचे जे गुण कमी होतात, ते तिच्या डोक्याचे नसून त्या एस. टी.चे असतात. आणि तरीही मुली पुढे जातात, हा भाग वेगळा.

काही पालक मला म्हणतील, "सर, मग आम्ही मुलाला इंग्रजी माध्यमात घालतो, प्रश्नच मिटला." मिटत नाही. घरी इंग्रजी वाचणारे कोणी नसेल, तर त्या शाळेतून येणारी चिठ्ठीही कोणी वाचणार नाही. फरक एवढाच की, तिच्यासाठी तुम्ही अधिक फी भरलेली असेल. आणि ज्यांची तिसरी पिढी शाळेत आहे, त्या पालकांना माझी विनंती आहे की, मागच्या रांगेतून कोणी उठले तर कुजबुजू नका. तुमच्या आजोबांनीही या शाळेत पहिल्यांदा पाऊल टाकले, तेव्हा त्यांच्या हातातील चिठ्ठी दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखविली असेल.

आमच्याकडे गेल्या जूनपासून एवढेच केले आहे. प्रवेशाच्या अर्जावर एक रकाना वाढविला : 'घरी कोणती लिपी वाचली जाते?' पालकांना जाणारी सूचना मराठी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत काढतो. हल्ली ती मोबाईलवरही जाते. माझे उर्दू अक्षर अगदीच कच्चे. नववीतील दोन मुली मला तपासून देतात आणि मनमुराद हसतात. उर्दू शाळेतून आलेल्या मुलांसाठी गणिताच्या शब्दांची एक दुभाषी यादी वर्गात भिंतीवर लावली आहे. शाळेच्या वार्षिक कामाचा हा फार मोठा भाग आहे, असे मी म्हणणार नाही.

त्या मुलाच्या नावापुढील शेरा मी खोडला. खोडताना मुख्याध्यापकांची सही घ्यावी लागते. त्यांनी कारण विचारले, मी सांगितले, आणि त्यांनी आणखी दोन वर्गांची दप्तरे मागवून घेतली. मुलाचे वडील पावसाळ्यात रजेवर आले, तेव्हा ते शाळेत आले होते. वर्गात भरती-ओहोटीचा पाठ चालू होता. मी त्यांना फळ्याजवळ बोलावले. ते प्रथम संकोचले. मग त्यांनी खडू घेऊन अष्टमीची भांग आणि अमावास्येची उधाणाची भरती मुलांना अशी काही समजावून दिली की, तास संपल्याची घंटा कोणाला ऐकू आली नाही. त्यांचा मुलगा दुसऱ्या बाकावर बसला होता. आजूबाजूच्या मुलांना तो पुन्हा पुन्हा सांगत होता, "ते माझे अब्बा आहेत."